टायरला दिलेलं आवतन

संपादक महाशयांनी या सदरासाठी 'अनुभव खरा असेल तरच पाठवा' अशी अट घातली आहे, म्हणून हिंमत करतो. नाहीतर मी आणि असल्या गोष्टी... छे! मी गुरांचा डॉक्टर. आमच्या वाशिमकडे लोक सरळ 'ढोर डॉक्टर' म्हणतात, आणि मला त्याचा राग नाही. मेलेलं जनावर फाडून ते कशानं मेलं हे पाहणं हा माझा धंदा. ज्याचं पोट मी स्वतःच्या हातानं उघडलं ते पुन्हा उठून चरायला गेलं, असं आजवर एकदाही झालेलं नाही. चकवा म्हणा, मुंजा म्हणा, ज्यांना उद्योग नाही त्यांनी बोलायच्या गोष्टी. दवाखान्यात कोणी असलं काही सांगायला लागला की मी एकच विचारायचो, "किती घेतली होती बावा?"

आता हे वाचून कोणी मलाच तसं विचारलं तर ऐकून घ्यावं लागेल. घेईन. पण मी पीत नाही, आणि जे झालं ते भर दिवसा, लख्ख उन्हात झालं, एवढं आधी लिहून ठेवतो.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. तालुक्यात फिरायला माझ्याकडे एक जुनी विलायती मोटारसायकल होती. शिरपूर, मालेगाव, किन्हीराजा — जिथं जनावर आजारी तिथं मी. गाडीचं इंजिन दणकट होतं, त्याची काळजी नव्हती. काळजी होती टायरची. लढाई सुरू झाली आणि टायर बाजारातून असा गायब झाला की विचारू नका. परमिट लागायचं. परमिट मिळालं तरी माल नसायचा, आणि माल आला तर तो आपल्या मापाचा नसायचा.

त्यामुळे टायर म्हणजे माझा जीव की प्राण. यात मला कोणी शिकवायची गरज नाही, उलट मीच गावभर शिकवत सुटायचो. टायर घेताना वरची चमक पाहू नये. दोन्ही हातांनी दाबून वाकवावा आणि कडेला बारीक भेगा उघडतात का ते पाहावं. मागच्या चाकाला ठोकळ्यांच्या नक्षीचा घ्यावा, कारण आमच्या काळ्या मातीत गुळगुळीत टायर म्हणजे तेलात पडलेली माशी. हवा रोज पाहावी. गाडी उभी करताना स्टँडवर घ्यावी, चाक जमिनीला टेकू देऊ नये, वरून ओलं पोतं टाकावं. ट्यूब बसवताना आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट — रबराला तेल लागू देऊ नये! ना रॉकेल, ना गोडं तेल, ना तूप. तेल रबराला खातं. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

आमच्याकडे सायकली आणि टायरचं दुकान उस्मानभाईंचं. माणूस दिलदार, पण बोलण्यात आकाश-पाताळ एक करणारा. त्या वर्षी त्यांच्याकडे माझ्या मापाचे दोन टायर आले. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा धुळकट, मळकट. उस्मानभाई चकचकीत पुढं करून म्हणाले, "डॉक्टरसाब, हा पाहा! नवरदेवावानी हाय का नाई?"

मी बोट फिरवलं आणि वास घेतला. "उस्मानभाई, याले बुटाचं पालिश कोनं लावलं?"

ते खो खो हसले. "या अल्ला! नाकानं टायर घेनारा गिऱ्हाईक पैल्यांदाच पाह्यला!"

मी मळकट टायर उचलला. कडा शाबूत, ठोकळे खोल, वाकवला तर एक भेग नाही. मागच्या चाकाला तो बसवला तेव्हा मी लहान पोरासारखा खूश होतो. कुटुंबानं तर टोमणा मारला, "आमच्या लुगड्याले एवढं पाह्यलं अस्तं तं!"

आता माझ्या वडिलांबद्दल. बाबा मूळचे किन्हीराजाचे. आयुष्यभर शेती केली. त्यांची एक जोडी होती, भुऱ्या आणि चितऱ्या. भुऱ्याच्या गळ्यात एक घाटी होती, पितळेची घंटा, आणि ती तडकलेली होती. तिचा आवाज खणखणीत यायचाच नाही, 'ठण्ण' च्या जागी 'ठ्याक-ठण, ठ्याक-ठण' असा यायचा. लोक हसायचे, दुसरी घे म्हणायचे, पण बाबांनी ती कधी बदलली नाही. अख्खं गाव डोळे मिटून सांगायचं, भुऱ्या आला.

मी नागपूरला शिकत होतो त्या काळात एका पोळ्याला गावात कोणाचा तरी आजारी बैल तोरणाखाली आणला गेला. आमच्याकडची पद्धतच तशी. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून एका तोरणाखाली उभे करायचे, आणि एखादा आजारी असला तर त्याला तर हमखास आणायचं, कारण तोरणाखालून गेला की तो बरा होतो असं समजतात. तो बैल बाबांच्या जोडीला खेटून उभा राहिला. रोग होता बुळकांडी. पोळा फुटला, बैल घरोघर गेले, आणि पुढच्या काही दिवसांत निम्मं गाव बैलांवाचून उरलं. भुऱ्या गेला, पाठोपाठ चितऱ्या गेला. बाबांनी दोघांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शेजारी शेजारी पुरलं, घाटीसकट. मग शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं, दिलं आणि माझ्याकडे वाशिमला आले. त्यानंतर पोळ्याला ते कधी गावी गेले नाहीत. पोळ्याच्या दिवशी घरातही कोणाशी बोलायचे नाहीत.

तर त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आलो. अंगणात पाहतो तो काय! बाबा माझ्या मोटारसायकलपुढं उकिडवे बसलेले. शेजारी वाटी. आणि माझ्या मागच्या टायरला दोन्ही हातांनी मायेनं तूप-हळद चोळणं चाललेलं! पुढचा टायर तर चोळून झालाच होता, पिवळाधम्मक.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जूं वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, म्हणून त्याला तूप-हळद लावून शेकतात आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' बैलाला जेवणाचं आमंत्रण! बाबांचे बैल नव्हते. अंगणात ओझं वाहणारी एकच वस्तू होती, आणि तिला दोन चाकं होती.

"बाबा!" मी ओरडलोच. "काय करून राह्यले तुमी हे! रबर हाय ते! तुपानं सडते!"

बाबांनी मान वर केली नाही. "वरीसभर तुले वाह्यते ते. खांदा नाई त्याले, म्हून काय दुखत नसंन?"

"बैल नाई तो, टायर हाय! परमिटवर भेटते!"

"तुह्या परमिटाले काय मालूम," बाबा म्हणाले, आणि टायरजवळ तोंड नेऊन सावकाश, स्पष्ट बोलले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. भुऱ्या... चितऱ्या... याच बरं."

माझा राग काही गेला नव्हता. वाटी कोणी दिली म्हणून विचारलं तर दारात आमचं कुटुंब, पदरानं डोळे पुसत उभं. बाबा आत गेल्यावर मी राख, साबण, गरम पाणी घेऊन दोन्ही टायर घासून काढले आणि तोंडानं बडबडतच होतो. तूप गेलं. हळदीचा पिवळा डाग मात्र ठोकळ्यांच्या खाचांत राहिलाच.

पोळ्याच्या दिवशी मी जेवायला बसणार तोच सायकलवरून नामदेव आला. हा माझा चुलतभाऊ, किन्हीराजालाच राहतो. चिखलानं माखलेला, बोलायला दम नाही.

"दादा... आपला हिऱ्या बैल... कालपासून पानी सोडून दुसरं काई घेऊन नाई राह्यला."

"डोयातून पानी?"

"वाहून राह्यलं."

"तोंडात पाह्यलंस?"

"हिरड्याईवर कोंडा भुरकल्यावानी हाय, दादा. अन् लाळ."

माझा हात ताटातच थांबला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी सांगायच्या आधी तेच बोलले, "बुळकांडी."

मी विचारलं, "हिऱ्याले वेगळं बांधलं ना? तोरनाखाली नेनार नाईत ना?"

नामदेव म्हणाला, "माय कालपासून त्याचे शिंगं रंगवून राह्यली. म्हन्ते, तोरनाखालून गेला का बरा होते."

त्याची माय म्हणजे आमची सोनाकाकू. नवरा गेल्यावर हिऱ्या-माणक्याच्या जोडीवर तिनं पोरं मोठी केली. ती हिऱ्याला घरी ठेवणार नाही, हे मला आणि बाबांना दोघांनाही माहीत होतं. लशीचं म्हणाल तर लस टोचल्या टोचल्या काम करत नाही, तिला काही दिवस लागतात. तोवर जनावर जनावराला लागता कामा नये. आणि इथं तर दिवस कलायच्या सुमारास गावातला झाडून सगळा बैलबारदाना एका तोरणाखाली खेटून उभा राहणार! एकदा ते झालं की माझी लस म्हणजे लग्न लागल्यावर आणलेल्या अक्षता. किन्हीराजाचे बैल वाचवायचे तर पोळा भरायच्या आत तिथं पोचणं, याला दुसरा इलाज नव्हता.

"मी येतो," बाबा उठले.

"तुमी कायले? रस्ता खराब हाय."

"तुहं आयकनार हाय का कोनी? तू तं कालचा पोट्टा. माह्यी जोडी गेली हाय त्या तोरनाखाली. मी सांगन."

लशीचा डबा ओल्या पोत्यात गुंडाळून बांधला, बाबांना मागं बसवलं, नामदेवाला सायकलनं मागून ये म्हटलं आणि निघालो. मालेगावपर्यंत खडीची सडक होती, गाडी भुर्र गेली. पुढं मात्र सडकेवरच्या नाल्याला पूर. पलीकडं जायचं तर वरच्या अंगानं पांदणीतून वळसा. पांदण म्हणजे दोन शेतांच्या काटेरी कुंपणांमधली गाडीवाट. वरून सकाळपासून उघडीप होती, पण खाली काळी माती गुडघाभर. चाक फिरलं की मडगार्डात चिखल ठासून बसायचा. मी उतरून काडीनं खरवडायचो, पुन्हा बसायचो. बाभळीचा एक काटा लागला, तो काढून ट्यूबला पॅच मारला. वेळ चालला होता. ऊन पाठीवर आलं होतं.

आणि मग फाट्दिशी आवाज झाला. मागचं चाक भसकन खाली बसलं. उतरून पाहतो तर कोणाच्या बैलगाडीच्या चाकाची तुटलेली धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, चिखलात उभी रुतलेली. तिनं माझ्या टायरची कड चांगली वीतभर चिरली होती. आतली ट्यूबही उभी फाटलेली. हा काही पॅचचा मामला नव्हता. असल्या वेळी टायरात गवत ठासून चालवतात, पण गवत ओलं, आणि ते ठासायला तास गेला असता. पायी जायचं तर त्या चिखलात पोचेपर्यंत दिवस बुडाला असता.

मी तिथंच बांधावर बसलो. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. तो एवढा पारखून घेतलेला टायर, आणि तो या दिवशी, या ठिकाणी फाटावा! डोळ्यांपुढं गावातले गोठे दिसत होते, एकेक दावं रिकामं.

"ऊठ," बाबा म्हणाले. "गाडी सुरू कर."

"कशी करू? हवा नाई, ट्यूब नाई! रिम चेपन, दोन हातावर गाडी आडवी पडन!"

"आवतन देल्लं हाय म्या त्याईले. आवतन घेऊन कोनी येत नाई असं होते का? ऊठ, शाम्या."

त्यांच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं. गाडी पडेल तेव्हाच यांना पटेल, असा राग मनात धरून मी किक मारली. बाबा मागं बसले. मी क्लच सोडला आणि हँडल घट्ट धरून पडायची वाट पाहू लागलो.

गाडी पडली नाही.

ज्यांनी फाटक्या टायरवर गाडी चालवली असेल त्यांना कळेल मी काय म्हणतो. मागचं चाक असं वळवळतं की हँडल हातात राहत नाही, रिम दगडावर ठोके देते, ते मणक्यापर्यंत जातात. त्यातलं काहीही नाही! चाक भरल्या हवेचं असावं तसं गरगरत होतं. आणि चिखल... मघापासून ज्या मातीनं मला रडवलं होतं, त्या मातीतून गाडी सरळ निघाली होती. मी ॲक्सिलरेटर वाढवला नव्हता. उलट घाबरून कमी केला होता. तरी पुढून कोणीतरी ओढावं तशी गाडी संथ, एकसारखी चालली होती.

मग ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजाच्या वर, अगदी माझ्या पुढच्या चाकापुढून. 'ठ्याक-ठण... ठ्याक-ठण...'

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबांचे हात माझ्या खांद्यावर नव्हते. मी किंचित मान वळवून पाहिलं. त्यांचे दोन्ही हात माझ्या दोन बाजूंनी पुढं आलेले, मुठी वळलेल्या, कासरा धरतात तशा. आणि ते हळू आवाजात बोलत होते, "हो... हो चितऱ्या... धुऱ्यानं चाल बापा... बस, आलं आता."

ऊन पाठीमागं होतं, त्यामुळे आमची सावली पुढं वाटेवर पडली होती. माझं डोकं, बाबांचं डोकं, हँडल. त्या सावलीच्या पुढं आणखी सावली होती. मी डोळे मिटले, उघडले. दोन वशिंडं, चार शिंगं, चालीबरोबर खालीवर होणारी. वाटेवर मात्र काही नव्हतं. ओल्या बैलाच्या अंगाचा वास येत होता. माझा जन्म त्या वासात गेला, त्यात माझी फसगत होणार नाही. आणि नवल म्हणजे एकदा ते पाहिल्यावर भीती पार गेली. मला हसू यायला लागलं. मी मोठ्यानं ओरडलो, "चला रे! चला!" डॉक्टर माणूस, पांदणीतून बैलांना हाकारत चाललेला!

गाव दिसलं तेव्हा पोळा भरतच होता. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, डफ वाजतोय, एका अंगाला जोड्या रांगेनं उभ्या राहताहेत. आणि तोरणापासून पन्नासेक पावलांवर सोनाकाकू स्वतः हिऱ्याचा कासरा धरून त्याला जवळजवळ ओढत आणतेय. हिऱ्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि तोंडातून लाळेची तार.

मी ओरडणार तेवढ्यात डफ थांबला. सगळं गाव आमच्याकडे वळून पाहत होतं. आमच्याकडे म्हणजे... आमच्या पुढं.

"कोनाची जोडी उशिरानं आली रे?" एकानं विचारलं.

सोनाकाकू जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "घाटी भुऱ्याची हाय," ती म्हणाली. "भाऊजी... तुमच्या भुऱ्याची घाटी हाय. जोडी कोठी हाय?"

मी गाडी थांबवली. घाटी एकदा वाजली, बैल मान झटकतो तशी, आणि थांबली. वाट रिकामी होती.

बाबा खाली उतरले आणि हिऱ्याच्या आणि तोरणाच्या मधे जाऊन उभे राहिले.

"सोने, माघारी ने त्याले."

"तोरनाखालून गेला का बरा होईन, भाऊजी! पोळ्याले बैल घरी ठेवत नसते कोनी!"

"माह्ये बी असेच उभे होते. याच खांबापाशी," बाबांचा आवाज कापत होता, पण मोठा होता. सगळ्यांना ऐकू गेला. "आजारी बैलाले खेटून उभे होते. काय झालं, तुमी पाह्यलं. आज थे सोता सांगाले आले. आयकलं ना घाटी? सगळ्याईनं आयकलं ना? मंग आजूक कोनाचं आयकनार हाय तुमी?"

इतर वेळी मी तासभर रोगजंतूंवर व्याख्यान दिलं असतं आणि लोकांनी पान खात ऐकून पोळा भरवलाच असता. त्या दिवशी मला एक शब्द बोलावा लागला नाही. एका म्हाताऱ्यानं आपली जोडी वळवली. मग दुसऱ्यानं. सोनाकाकूनं हिऱ्याच्या गळ्यात हात टाकला, हमसून हमसून रडली, आणि त्याला माघारी वळवलं.

"पन पोळ्याचं कसं?" कोणीतरी विचारलं. "बिनतोरनाचा पोळा होते का?"

यावर बाबांनीच तोड काढली. "बैल तोरनाकडं येत नसन तं तोरन बैलाकडं नेऊ!"

आणि तसंच झालं! खांबांचं तोरण सोडलं, चौघांनी काठ्यांवर धरलं आणि वाजतगाजत घरोघर नेलं. हिऱ्याचं घर सगळ्यांत शेवटी. प्रत्येक बैल आपल्याच गोठ्यात तोरणाखाली उभा राहिला, आपल्याच गोठ्यात पुरणपोळी खाल्ली. पुढं बाबा झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत, मागं मी लशीची पिचकारी घेऊन. बाया ओवाळायच्या, मी टोचायचो. "हर बोला, हर हर महादेव!" अशी आरोळी बाबांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. असा पोळा किन्हीराजानं त्याआधी पाहिला नव्हता.

हिऱ्या वाचला नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला, तेव्हा सोनाकाकूजवळ बाबाच बसून होते. पण माणक्या वाचला. आणि हिऱ्याशिवाय गावातलं एकही, अक्षरशः एकही जनावर गेलं नाही! पुढच्या पेरणीला सगळ्या गावानं इर्जिक घालून काकूचं शेत पेरून दिलं. शेजारच्या गावांचे लोक विचारायला यायचे, तुमचे बैल कसे वाचले म्हणून. किन्हीराजाचे लोक छाती फुगवून सांगायचे, आमच्याकडं तोरण बैलाकडं जाते.

आता टायरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नामदेव पांदणीत परत गेलो. पाऊस आला नव्हता, चिखलावर सगळं उमटलेलं होतं. जिथं टायर फाटला तिथपासून गावापर्यंत माझ्या मागच्या चाकाची नक्षी ठोकळा न् ठोकळा स्वच्छ, भरल्या टायरची. फाटका टायर असा उमटत नाही, तो पसरट फराटा काढतो. आणि नक्षीच्या दोन्ही बाजूंना खुरांचे ठसे, जोडीनं, गावाकडे जाणारे. पोळ्याच्या दिवशी कोणी बैल जुंपत नाही. नामदेव दोनदा पाहून आला आणि नुसता माझ्या शेजारी बसून राहिला.

टायर मी रिमसकट वाशिमला नेऊन उस्मानभाईंपुढं टाकला. त्यांनी तो रिमवरून काढला, चिरेतून आख्खी मूठ आत घातली, रिम फिरवून पाहिली. रिमला एक पोचा नव्हता. मी म्हटलं, चिरेतून चिखल आत ठासला गेला असेल, त्यानं भरला असेल. मला तेवढाच एक आधार होता. उस्मानभाईंनी टायर उलटा करून हलवला. आतून चिखलाचा कण पडला नाही. मीच भुरभुरलेली शंखजिऱ्याची पूड पडली, कोरडी, पांढरी.

"डॉक्टरसाब," ते म्हणाले, "याच्यावर तुमी दोघं पांदणीतून गेले असान तं मी माही टोपी खातो."

"खा मंग," मी म्हटलं. "अख्खं किन्हीराजा साक्षी हाय."

टोपी काही त्यांनी खाल्ली नाही. त्या टायरच्या चपला करायला मात्र मागत होते, चांगलं रबर आहे म्हणून. बाबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

लढाई संपून आता काही वर्षं झाली. मी हे किती लोकांना विचारलं! एकानं सांगितलं, माती चिकट असली की टायर तात्पुरता ताठ होतो. दुसऱ्यानं सांगितलं, जमावाला भास होतो. मग भासाला घाटीचा तडकलेला आवाज कुठून आला? सावली कोणाची? या प्रश्नावर सगळे घड्याळ पाहायला लागतात. मलाही उत्तर सापडलेलं नाही, आणि आता सापडेलसं वाटत नाही.

तो फाटका टायर आमच्या अंगणात खुंटीला टांगलेला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो खाली काढतात. गाडीच्या चालू टायरांना मी आजही तुपाचं बोट लावू देत नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व! पण याला आता काय तेल आणि काय तूप. बाबांचे गुडघे हल्ली वाकत नाहीत, म्हणून वाटी घेऊन मीच खाली बसतो, चोळतो, आणि ते खाटेवरून सांगतात तसं त्याच्या कानाशी — म्हणजे जिथं चीर आहे तिथं — तोंड नेऊन म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

घाटी पुन्हा वाजली का म्हणून लोक विचारतात. नाही वाजली. एकदाच वाजली, पण पोळा भरायच्या आत वाजली. तरी दर पोळ्याच्या दिवशी मी दोन पानं जास्तीची वाढतो.